डुकाडाम यांचा क्लब कोणता?

रुमानियाचे फुटबॉलपटू हेल्मुथ डुकाडाम यांच्या निधनाची बातमी २ डिसेंबर २०२४ रोजी आली आणि क्रीडा पानासाठी मृत्युलेख लिहिण्याचे काम माझ्याकडे सोपवण्यात आले. लेखाचा गाभा स्पष्ट होता. ७ मे १९८६ रोजी स्पेनमधील सेव्हिया येथे युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाविरुद्ध १२० मिनिटे गोलशून्य गेली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये स्टेउआ बुखारेस्टच्या या गोलरक्षकाने बार्सिलोनाचे चारही फटके अडवले. स्टेउआचेही पहिले दोन फटके वाया गेले होते, याची आठवण सहसा कुणी काढत नाही. लाकातुश आणि बालिंट यांच्या गोलांमुळे २-० असा निकाल लागला आणि हा चषक प्रथमच पूर्व युरोपात गेला.

विजयानंतर डुकाडाम यांचा हात सत्ताधाऱ्यांच्या माणसांनी मोडला, ही जुनी दंतकथाही लेखात घ्यावी, असा एका सहकाऱ्याचा आग्रह होता. मी ती घेतली नाही. हाताचा आजार रक्ताच्या गुठळीचा होता, हे खुद्द डुकाडाम यांनीच सांगितले होते.

पेच उभा राहिला तो क्लबविषयीच्या साध्या वाक्यात. डुकाडाम ज्या क्लबकडून खेळले तो आज कोणता, या प्रश्नाला रुमानियात दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही उत्तरांचे मूळ क्लबच्या लष्करी जन्मात आहे. ७ जून १९४७ रोजी, देशात अजून राजेशाही असताना, लष्कराने हा क्लब स्थापन केला. त्याच वर्षाच्या अखेरीस राजा गेला, क्लब मात्र संरक्षण मंत्रालयाकडेच राहिला आणि अनेक नावे बदलत १९६१ मध्ये स्टेउआ झाला. त्याचा प्रमुख प्रतिस्पर्धी दिनामो हा गृहमंत्रालयाचा क्लब होता, त्यामुळे बुखारेस्टमधल्या या लढतीत दोन सरकारी खातीच एकमेकांसमोर उभी असत.

साम्यवादी राजवट कोसळल्यानंतर, १९९८ मध्ये, फुटबॉल विभाग लष्करी क्लबपासून वेगळा झाला आणि २००३ मध्ये तो उद्योजक जिजी बेकाली यांच्या ताब्यात गेला. नाव आणि बोधचिन्ह आपलेच आहे, असे म्हणत लष्कराने २०११ मध्ये न्यायालयात धाव घेतली. २०१४ च्या निकालानंतर बेकालींच्या संघाला एक सामना बोधचिन्हाविना खेळावा लागला आणि धावफलकावर संघाच्या नावाऐवजी केवळ 'यजमान' असे झळकले. २०१७ मध्ये या संघाने एफसीएसबी हे नाव घेतले. त्याच वर्षी लष्कराने आपला फुटबॉल संघ पुन्हा उभा करून चौथ्या श्रेणीपासून सुरुवात केली. हा संघ २०२१ मध्ये दुसऱ्या श्रेणीत पोहोचला खरा, पण सरकारी पैशावर चालत असल्याने त्याला अव्वल श्रेणीचे दार बंदच राहिले.

युरोपीय फुटबॉलची नियामक संस्था युएफा १९८६ चे विजेतेपद एफसीएसबीच्या खाती मांडते, तेव्हा तेच नाव लिहावे, असे संपादकांचे मत पडले. मला ते पटेना. चषक जिंकला त्या रात्री एफसीएसबी हे नाव अस्तित्वातच नव्हते आणि खेळाडू संरक्षण मंत्रालयाच्या क्लबचे होते. दुसरीकडे, डुकाडाम यांनी पुढे बेकालींच्याच क्लबचे अध्यक्षपद भूषवले होते, त्यामुळे त्यांना केवळ लष्कराच्या खाती टाकणेही अन्यायाचे ठरले असते. अखेर 'तेव्हा रुमानियन लष्कराच्या अखत्यारीत असलेला स्टेउआ बुखारेस्ट' एवढेच शब्द मूळ लेखात ठेवले आणि वादाची हकिकत चौकटीत दिली. जागा कमी पडल्यावर चौकटीतून दिनामोचा उल्लेख गेला, धावफलकाचा मात्र मी आग्रहाने राखला.