आमची वाटचाल आणि बुधवारचं डीटीटी

भोसरीत गाळा घेतला तेव्हा शेजारी प्रेस टूलवाला होता आणि समोर पावडर कोटिंग. ‘काय बनवता?’ असं कुणी विचारलं आणि मी ‘प्रोटीन’ म्हटलं, की लोक जिमचा डबा मागायचे. आमचा माल एकच, रिकॉम्बिनंट ह्यूमन एफजीएफ-२, म्हणजे पेशींना वाढायला लावणारं प्रोटीन, १० मायक्रोग्रॅमची व्हायल (छोटी बाटली). जीन माणसाचा, राबणार ई. कोलाय हा बॅक्टेरिया. ३७ अंशांवर हे प्रोटीन फार तग धरत नाही, म्हणून स्टेम सेलवाल्यांना मीडियम (पेशींचं खाद्य-द्रावण) रोज बदलावं लागतं. म्हणजे गिऱ्हाईक परत येणारच, असा आमचा भाबडा हिशेब.

भागीदार कल्चर बघायचा, मी प्युरिफिकेशन. सेंट्रिफ्यूज जुनं, लिलावातलं. झाकण लावताना गुडघ्याने दाबावं लागायचं. हेपरिन कॉलम (प्रोटीन वेगळं करायची नळी) तेवढा नवा, ५ एमएलचा, आणि माझा जीव त्याच्यावर. बॅक्टेरियाचा सगळा कचरा वाहून जातो, एफजीएफ-२ मात्र हेपरिनला धरून बसतं. मीठ दीड मोलरच्या आसपास नेल्यावर कुठे सुटतं. आलेखावर तो शेवटचा पीक चढायला लागला की मी आजही खुर्चीतून उठतो. (काम झाल्यावर कॉलम २० टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. ‘उद्या धुतो’ म्हणणाऱ्यांचे कॉलम मी पाहिलेत.)

सातव्या लॉटने आम्हाला जवळपास बुडवलं. बफर, म्हणजे प्रोटीन ज्यात ठेवतात ते द्रावण, बुधवारी केला. गुरुवारी सकाळी लाइट गेली ती रात्री आली. शुक्रवारी तोच बफर घेऊन कॉलम चालवला. जेलवर (यात प्रोटीन आकारानुसार वेगळी होऊन पट्टे दिसतात) १७ किलोडाल्टनच्या आसपास एकच स्वच्छ बँड. फोटो काढला, व्हायली भरल्या, माल रवाना.

दहा दिवसांनी मॅडमचा फोन. आमच्या पहिल्या गिऱ्हाईक. ‘अहो, माझ्या स्टेम सेलच्या कॉलन्या कडेने पसरायला लागल्यात. तुमचं प्रोटीन कामच करत नाहीये.’ मी काय म्हणालो? ‘मॅडम, तुमचं मीडियम एकदा तपासा.’ हे आठवलं की अजून कान गरम होतात.

त्यांनी परचेसला लिहिलं नाही. शनिवारी बर्फाच्या डब्यात आमचीच व्हायल घेऊन स्कूटरवरून गाळ्यावर आल्या. ‘जेल लावा. पण मरकॅप्टोइथेनॉल न घालता.’ लावलं. जेलवरचा जास्तीचा निळा रंग धुताना आम्ही तिघं ट्रेवर वाकून उभे. हळूहळू १७ च्या वर ३५ ला एक बँड दिसला, त्याच्यावर आणखी एक, आणि जेलच्या खाचेच्या तोंडाशी निळा गाळ. एफजीएफ-२ मध्ये चार सिस्टीन (गंधक असलेला प्रोटीनचा घटक), त्यातली दोन बाहेरच्या अंगाला. बफरमधलं डीटीटी, म्हणजे ही सिस्टीन मोकळी ठेवणारं पण लवकर निकामी होणारं रसायन, जिवंत नसेल तर रेणू एकमेकांना जखडतात. आम्ही दर वेळी मरकॅप्टोइथेनॉल घालून ती गाठ जेलआधीच सोडवत होतो आणि स्वच्छ बँडवर खूश होत होतो. बुधवारचं डीटीटी शुक्रवारपर्यंत मेलेलं होतं.

सगळा लॉट परत बोलावला. अकरा गिऱ्हाइकांपैकी दोन उरली. त्याच सुमारास गावातल्या एका ट्रेडरने आमचं माघारी पत्र लॅबोलॅब फिरवलं, वर ‘लोकल मालाचं असंच असतं’ असा शेरा. तो स्वतः काहीच बनवत नाही. त्याची एक व्हायल माझ्या हाती आली, तिचं लेबल कोमट पाण्यात धरलं तर खाली दुसरं लेबल! भागीदार त्याच महिन्यात वेगळा झाला आणि वाटणीत त्याने पेशी फोडायचा सॉनिकेटर मागितला. दिला. मग वर्षभर लायसोझाइम एन्झाइम आणि गोठव-वितळव करून पेशी फोडल्या.

थ्री-टी-थ्री या उंदराच्या पेशींवर प्रोटीनची अ‍ॅक्टिव्हिटी कशी बघायची हे मॅडमनी त्यांच्या लॅबमध्ये शिकवलं, संध्याकाळी सहानंतर. १९७४ साली गोस्पोदारोविझ यांनी गायीबैलांच्या पिट्यूटरीतला हा घटक तपासला तोही थ्री-टी-थ्रीवरच. आपणच एवढी वर्षं नुसत्या बँडवर माल विकला. आता प्रत्येक लॉटबरोबर दोन्ही जेलचे फोटो जातात आणि अ‍ॅक्टिव्हिटीचा आलेखही. पुढची वर्षं बरी गेली.

निविदेत मात्र अजूनही ‘१० मायक्रोग्रॅम’ एवढंच लिहितात. अ‍ॅक्टिव्हिटीचा रकानाच नाही, आणि एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी बोलीवाला, कोण येतो ते सांगायला नको. नव्या पोरांनो, स्पेसिफिकेशन लिहिताना अ‍ॅक्टिव्हिटी आणि एंडोटॉक्सिन (बॅक्टेरियाचं मागे उरलेलं विष) दोन्ही मागा. आणि व्हायल उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये एकदा फिरवून घ्या. १० मायक्रोग्रॅम डोळ्यांना दिसत नाही. ‘रिकामी बाटली पाठवलीत’ असा फोन महिन्यातून एकदा तरी येतो.

दसऱ्याला सेंट्रिफ्यूजला झेंडूचा हार घालत होतो तेव्हा जुन्या भागीदाराचा फोन आला. सॉनिकेटर विकायचा आहे म्हणतो, घेतोस का? किंमत अजून विचारलेली नाही.