सीड सगळ्यांकडे, जग एकाच्याच मशीनवर

चवथीच्या सुट्टीत भावंडे घरी जमली की एकत्र व्हॅलहाइम हा कॉम्प्युटरवरचा खेळ खेळायचा बेत ठरतो, आणि ज्याचा पीसी सर्वांत दणकट त्यालाच होस्ट करतात, म्हणजे सगळ्यांचे जग त्याच्या मशीनवर चालते. गोव्यातल्या पावसाळ्यात नेमके हेच महागात पडते. सत्तरीत किंवा पेडण्यात फांदी तारेवर पडली की वीज जाते आणि होस्टचा पीसी बंद पडतो. पुन्हा सुरू केल्यावर जग वीस-पंचवीस मिनिटे मागे गेलेले असते. असे का होते हे कळले की अर्धी काळजी मिटते.

स्वीडनच्या आयर्न गेटचा हा खेळ २ फेब्रुवारी २०२१ रोजी अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, आला. एका जगात १० जण खेळू शकतात. जगाचे सीड म्हणजे दहा अक्षरांची एक ओळ. तिच्यावरून पर्लिन नॉइजचे गणित प्रत्येक ठिकाणची उंची काढते आणि कुरण, काळे रान, दलदल कुठे हे ठरवते. जग साधारण १० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ आहे, म्हणजे ३१४ चौरस किलोमीटर. गोव्याच्या ३,७०२ चौरस किलोमीटरांत अशी जवळजवळ १२ जगे मावतील, फक्त खेळातल्या जगाचा बराच भाग समुद्र आहे. दलदल मध्यापासून २,००० मीटरांच्या आत सापडतच नाही, मैदान ३,००० च्या आत नाही. लोखंड दलदलीत मिळते, म्हणून ते जवळपासच शोधत भटकणे व्यर्थ. होडी लागतेच.

ही जमीन कुठेही साठवून ठेवायची गरज नसते. सीड तेच आणि खेळाची आवृत्ती तीच असेल, तर फोंड्यातल्या मशीनवर आणि वास्कोतल्या मशीनवर तोच डोंगर त्याच जागी उभा राहतो. साठवावे लागते ते तुम्ही केलेले काम: खोदलेली माती, बांधलेले घर, पेटीतला माल. हे सगळे डीबी फाइलमध्ये असते. एफडब्ल्यूएल ही दुसरी फाइल चिमुकली, तिच्यात जगाचे नाव आणि सीड. दोन्ही फाइली ॲपडेटा, लोकललो, आयर्नगेट, व्हॅलहाइम ह्या वाटेने वर्ल्ड्स_लोकल फोल्डरमध्ये सापडतात. तिथे नसतील तर जग स्टीम क्लाउडवर, म्हणजे खेळ जिथून घेतला त्या स्टीमच्या ऑनलाइन साठ्यात, आहे. ते आधी खेळातल्या मॅनेज सेव्ह्जमधून लोकलवर आणा. होस्ट बदलताना दोन्ही फाइली एकत्र द्या आणि त्यांची नावे बदलू नका.

तुमचे पात्र मात्र जगात नसते. ते अंगावरच्या सामानासकट आपापल्या मशीनवर राहते, आणि खरा घोळ इथेच होतो. समजा पाहुण्याने ३० लोखंड पेटीत ठेवले आणि पाच मिनिटांनी होस्टची वीज गेली. पाहुण्याचे पात्र कनेक्शन तुटताना सेव्ह होते, म्हणजे त्याच्या अंगावर लोखंड नाही. जग मागच्या सेव्हवर जाते, म्हणजे पेटीतही नाही. लोखंड गेले. उलट त्याने पेटीतून काही काढले असेल तर तेच सामान दोन्हीकडे दिसते. होस्टचे स्वतःचे पात्र जगाबरोबरच मागे जाते, त्यामुळे त्याला हा फरक जाणवतही नाही आणि मग उगाच वाद होतात.

डेडिकेटेड सर्व्हरवर, म्हणजे कोणी खेळत नसतानाही जग चालू ठेवणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामवर, सेव्हचे अंतर मुळात १,८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास असते. सर्व्हर सुरू करण्याच्या आदेशाच्या ओळीत सेव्हइंटरव्हल ६०० केले की दहा मिनिटांवर येते. पावसाळ्यात मी तेच सुचवीन. आणखी कमी करण्याचा मोह टाळा, कारण मोठा गाव बांधलेला असेल तर प्रत्येक सेव्हला खेळ क्षणभर गोठतो. साध्या होस्टने स्टीमच्या लाँच ऑप्शन्समध्ये कन्सोल (आदेश टाइप करायची खिडकी) चालू करावा, एफ५ दाबावे आणि 'सेव्ह' टाइप करावे. ढग गडगडू लागले की हे आधी करावे.

होस्टिंग डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉपवर करा, जरी तो थोडा हळू असला तरी. लॅपटॉपची बॅटरी हाच यूपीएस. राउटर बंद पडून सगळे बाहेर फेकले गेले तरी होस्टचे जग चालूच राहते आणि काही हरवत नाही. राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस जोडता आला तर उत्तमच, पण आधी ॲडॉप्टरवरचा व्होल्ट-अँपिअरचा आकडा वाचून घ्या.

घरच्या डेडिकेटेड सर्व्हरला मित्र बाहेरून जोडता येत नसतील तर कारण बहुधा सीजीनॅट असते: एकच सार्वजनिक आयपी अनेक घरांत वाटलेला. अशा वेळी राउटरवर यूडीपी २४५६ आणि २४५७ पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. क्रॉसप्ले (वेगवेगळ्या प्रकारच्या मशीनवरून एकत्र खेळायची सोय) चालू करा आणि जॉइन कोड द्या. सर्व्हर पुन्हा सुरू केला की कोड पुन्हा पाठवावा लागतो. पासवर्ड किमान पाच अक्षरांचा हवा, नाहीतर सर्व्हर सुरूच होत नाही.

आता लॅगचे, म्हणजे खेळ अडखळण्याचे. जग ६४ मीटरांच्या चौकोनांत विभागलेले असते, आणि चौकोनात जो आधी शिरतो त्याचे मशीन तिथल्या राक्षसांचा हिशेब सांभाळते. डेडिकेटेड सर्व्हरवरही असेच चालते. म्हणून मोबाइल हॉटस्पॉटवरचा गडी दलदलीत पहिला उतरला की बाकीच्यांना ड्रॉगर हे तिथले राक्षस उड्या मारताना दिसतात आणि घाव लागतच नाहीत. फायबरवाल्याने आधी जावे, हॉटस्पॉटवाल्याने मागून यावे. घोळ झालाच तर पहिल्याने थोडे दूर जाऊन परत यावे, ताबा दुसऱ्याकडे जातो.

माल वाहून आणतानाही सेव्हचा विचार ठेवा. पोर्टलला (एका ठिकाणाहून दुसरीकडे क्षणात नेणाऱ्या दाराला) २० फाइन वुड, १० ग्रेड्वार्फचे डोळे आणि २ सर्टलिंग कोर लागतात, पण त्यातून धातू जात नाही. २०२३ मध्ये आलेल्या वर्ल्ड मॉडिफायरने, म्हणजे जगाचे नियम बदलण्याच्या सोयीने, ही अट काढता येते, तरी मी ती ठेवतो. सगळ्यांनी मिळून होडीचे शीड सांभाळण्यातच ह्या खेळाची खरी मजा आहे. कार्वे ह्या छोट्या होडीला ८० ब्राँझचे खिळे लागतात, म्हणजे ४ ब्राँझ, म्हणजे ८ तांबे आणि ४ कथील. तिच्या ४ खणांत १२० लोखंड मावते. लाँगशिप ह्या मोठ्या होडीच्या १८ खणांत ५४०. एवढा माल धक्क्यावर आला की आधी पेट्यांत उतरवा, मग होस्टला 'सेव्ह' टाइप करायला सांगा, आणि भट्टी त्यानंतर पेटवा.