तलंगा आणल्या, टेप लावून मोजून

कोंबड्या गाडीतून न्यायच्या त्यालाही कायदा आहे म्हटलं की लोक हसतात, आमच्या घरात पण हसले. पण आहे. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, त्याच्याखाली १९७८ चे वाहतुकीचे नियम, आणि त्यात २००१ साली खास कोंबड्या, बदकं, टर्की वगैरेंसाठी एक वेगळं प्रकरणच घातलंय. (मूळ कायद्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल होत्या, त्याच भरतनाट्यमवाल्या, राज्यसभेत त्यांनी हा विषय लावून धरला होता.) मी हे वाचत बसलो ते काही भूतदया उफाळून आली म्हणून नाही हं. मी अंडी विकतो, अंडी कमी झाली की कोंबडी विकतो आणि कोंबडी-वडे समोर आले की दोनदा विचारावं लागत नाही. कारण साधं होतं, मागची बॅच.

मागच्या वेळी घाटावरच्या एका व्यापाऱ्याने त्याच्याच गाडीतून तलंगा घरपोच दिल्या. उतरवल्या तर खालच्या थरातल्या क्रेटमध्ये मेलेल्या निघाल्या, काही लंगड्या, आणि ज्या जिवंत होत्या त्यांच्या पाठीवर वरच्या थरातली घाण सुकून पापुद्रा झालेला. व्यापारी म्हणाला एवढं रस्त्यात होतंच. पैसे मात्र पूर्ण मोजून घेतले. आणि ज्या जगल्या त्या पण अंड्यावर यायला खूप लांबल्या, तो तोटा तर कोणी धरतच नाही. तेव्हा ठरवलं की पुढच्या वेळी माल आपण आणायचा, आपल्या गाडीत, आणि नियमात काय लिहिलंय ते तरी बघू या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तलंग म्हणजे अंड्यावर यायला आलेली कोवळी कोंबडी, चार-साडेचार महिन्यांची. मला १२० तलंगा आणि १० कोंबडे हवे होते, विट्याकडच्या एका शेडवरून, आणायचे होते कुडाळला.

नियमात एक तक्ता आहे, कुठल्या वयाच्या पक्ष्याला किती जागा. महिन्याच्या पिल्लाला ७५ चौरस सेंटिमीटर आणि एका खोक्यात जास्तीत जास्त २४, तीन महिन्यांच्या पक्ष्याला २३० आणि एका खोक्यात १२, मोठ्या कोंबडीला ४८० आणि त्यातही १२. खोक्याचं मापही दिलंय, मोठ्या कोंबडीसाठी ११५ सेंटिमीटर लांब, ५० रुंद, ४५ उंच. आता चार महिन्यांची तलंग कुठल्या ओळीत बसवायची हे काही लिहिलेलं नाही. मी मोठ्या कोंबडीची ओळ धरली, कारण चार महिन्यांची तलंग अंगाने कोंबडीच असते, २३० मध्ये कोंबली तर पंख हलवायलाही जागा राहत नाही.

बाजारात जे प्लास्टिकचे क्रेट मिळतात ना, लाल-पिवळे, ते टेप लावून मोजले तर गंमत दिसली. तळाचं क्षेत्रफळ जवळपास तेवढंच भरतं, म्हणजे १०-१२ कोंबड्या बसतील. अडचण उंचीची आहे, जेमतेम फूटभर. त्यात तलंग उभी राहिली की मान वाकवून राहते आणि तुरा वरच्या जाळीला घासतो, आणि मग ती बसूनच राहते, सहा-सात तास, स्वतःच्याच विष्ठेत. म्हणून क्रेट गावातच करून घेतले. आमच्याकडे माणगा बांबू भरपूर, ओळखीचा एक कारागीर आहे त्याला माप दिलं, बाजूला बांबूच्या पट्ट्या आणि तळाला प्लायवूड. तो टेप धरून म्हणतो कसा, "कोंबड्यांका पलंग करतस काय?" पण काम चोख केलं. पट्ट्यांची टोकं घासून दिली, कारण क्रेटला कुठे धार राहिली की पाय कापतात.

खरी गोची पुढे होती. नियम म्हणतो, रस्त्याने नेताना एका खोक्यावर दुसरं खोकं ठेवायचं नाही. आता हिशेब करा. पिकअपचा हौदा साधारण ९ फूट बाय साडेपाच. त्यात ११५ बाय ५० चे क्रेट लांबीला दोन आणि रुंदीला तीन, म्हणजे सहा. सहा बारे बहात्तर. एका पिकअपमध्ये ७२ कोंबड्या! त्याच गाडीत व्यापारी थरावर थर रचून चारशेच्या वर भरतो. इथे मला पहिल्यांदा कळलं की हा नियम कोणी का पाळत नाही, सगळेच काही कसाई काळजाचे नाहीत, पण गाडीभाडं ९ हजार असेल तर ७२ पक्ष्यांवर ते प्रत्येकी १२५ रुपये पडतं आणि ४०० वर साडेबावीस. कोंबडीच्या धंद्यात शंभर रुपयांचा फरक म्हणजे धंदाच नाही.

मी मग वेल्डिंगवाल्याकडून अँगलचा एक रॅक करून घेतला, हौद्यात बसेल असा, दोन कप्प्यांचा. मधल्या कप्प्याखाली पत्र्याचा ट्रे, म्हणजे वरची घाण खाली पडत नाही, आणि खालच्या क्रेटच्या वर वीतभर मोकळी जागा, हवा खेळायला. क्रेट क्रेटवर नाही, फळीवर आहे. कायद्याच्या भाषेत हे बसतं का यावर वकील लोक वाद घालू शकतील, पण थर लावू नका असं सांगण्यामागची कारणं दोनच असणार, वरची घाण आणि कोंडलेली हवा, आणि ती दोन्ही यात मिटतात. बारा क्रेटची जागा झाली, दहात तलंगा, एकात कोंबडे (नर-मादी एका खोक्यात नकोत हाही नियमच आहे आणि तो ज्याने लिहिला त्याने कोंबडे बघितलेले असणार), उरलेल्या जागेत पाण्याचे कॅन आणि खाद्याची अर्धी गोण. भाडं प्रत्येकी ७० च्या आसपास पडलं. रॅकचा खर्च वेगळा, पण तो एकदाच.

आता सर्टिफिकेट. एक दिवसाची पिल्लं सोडून बाकी कुठल्याही कोंबडीला वाहतुकीआधी पशुवैद्यकीय डॉक्टरांनी तपासून, संसर्गजन्य रोग नाही आणि प्रवासाला योग्य आहे असं लिहून द्यावं लागतं. दवाखान्यात गेलो तर तिथल्या कर्मचाऱ्याने आधी विचारलं बैल किती. कोंबड्या म्हटल्यावर तो गप्पच झाला. मग म्हणाला त्याला लागत नाही. मी मोबाईलवर नियम दाखवला, तो म्हणाला साहेब आल्यावर बघू, साहेब फिल्डवर. दुसऱ्या दिवशी जा, मीटिंग. असं करत करत एकदाचे डॉक्टर भेटले आणि भेटल्यावर मात्र माणूस एकदम कामाचा निघाला. शेडवर आले, लांबून बघून सही ठोकली नाही. आधी नुसते उभे राहिले, पाच मिनिटं, काही न बोलता, कोंबड्यांचा आवाज ऐकत. मग म्हणाले घरघर नाहीये. मग खाली वाकून विष्ठा बघितली, हिरवी-पांढरी आहे का, मग मधूनच एक-एक तलंग उचलून डोळे, नाकपुड्या, तुरा. रानीखेतची लस कधी दिली, देवीची दिली का, हे शेडवाल्याला विचारून घेतलं. एक पेंगत होती, पंख पाडून, ती बाजूला काढायला लावली, ही नेऊ नका, आजारी असेल तर गाडीतच बाकीच्यांना देईल. २००६ साली नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तेव्हाच्या गोष्टी सांगत होते. बर्ड फ्लू निघाला की त्या भागातून कोंबडी, अंडं, खाद्य काहीच हलवू देत नाहीत, तेव्हा निघायच्या आधी आसपास काही बातमी आहे का ते बघत जा म्हणाले. हे नियमात शोधायला गेलो असतो तर सापडलं नसतं.

मार्च संपत आला होता म्हणून रात्रीचाच प्रवास ठरवला. भाचा गाडी चालवणार होता. संध्याकाळी भरायला सुरुवात केली आणि हमालांनी नेहमीप्रमाणे एका हातात चार पाय, दुसऱ्या हातात चार, उलट्या लटकवून आणायला लागले. मी म्हटलं असं नाही, दोन्ही हातांनी पंखांवरून धरून एक-एक आणा. ते बघतच राहिले. त्यातला म्हातारा म्हणाला, "आवं दादा, कोंबडी हाय ती, नवरी न्हवं." पण जास्तीचे पैसे कबूल केले, आणि शेडमधला दिवा बंद करून निळा जिलेटीन कागद लावलेली बॅटरी दिली. निळ्या उजेडात कोंबड्यांना फारसं दिसत नाही, त्या गप्प बसून राहतात. हमालांनाच ते इतकं आवडलं की पळापळ नाही, धूळ नाही, काम लवकर आटपलं. एकीचं नख प्लायच्या फटीत अडकलं होतं, ओढली असती तर बोटच निघालं असतं. बॅटरी धरून हळूच फट रुंदावून सोडवली. घाईत भरलेल्या गाडीत असली बोटं किती तुटत असतील कोण जाणे.

भरायच्या आधी खाऊ-पिऊ घालून भरा असं नियमात आहे आणि खोक्यात पण दाणा-पाण्याची सोय ठेवा, उन्हाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्या असंही आहे. पाणी क्रेटमध्ये ठेवलं तर पहिल्याच वळणावर सांडतं आणि तळ ओला होतो, मग थंडी भरते. म्हणून उथळ डबे क्रेटला तारेने बांधले पण भरले फक्त थांब्यावर, आणि सोबत प्रत्येक क्रेटमध्ये कलिंगडाच्या दोन फोडी टाकल्या. अंधारात किती खाल्ल्या माहीत नाही, पण सकाळी नुसती सालं होती.

लेबल. प्रत्येक खोक्यावर पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन नंबर पाहिजे. लावले. आग विझवायचं यंत्र पण ठेवलं.

विटा, तासगाव, सांगली, कोल्हापूर, मग राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट असा रस्ता. भाच्याला एक गोष्ट बजावून सांगितली होती की चहाला थांबायचं तर दहा मिनिटं. गाडी उभी राहिली की हवा थांबते, कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकूनच अंग थंड करते, आणि मधल्या क्रेटमध्ये बघता बघता भट्टी होते. नियमात पण गाडी अर्ध्या तासापेक्षा जास्त उभी करू नका, करायची तर सावलीत, आणि सलग सहा तासांपेक्षा जास्त चालवू नका, सहा तासांनी सगळे पक्षी तपासा असं आहे. हा सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा भाग आहे माझ्या मते.

घाटाच्या अलीकडे एका ठिकाणी पोलिसांनी अडवलं. "काय आहे?" कोंबड्या. "पास?" सर्टिफिकेट दिलं. शिक्का बघितला, तारीख बघितली, गाडीचा नंबर बघितला, भाच्याचं लायसन्स बघितलं. मागे येऊन बॅटरी काय मारली नाही. मी स्वतःहून म्हटलं साहेब बघा ना, रॅक केलाय. ते म्हणाले जाऊ दे, जावा. आणि आम्ही उभे असतानाच शेजारून ब्रॉयलरचा ट्रक गेला, सहा-सात थर, बाजूने पांढरी पिसं उडतायत, त्याला कोणी हातही केला नाही.

त्या हवालदारांना दोष देण्यात तसा अर्थ नाही. कायदा उघडून बघा, पक्ष्याला विनाकारण त्रास होईल अशा पद्धतीने नेणं हा कलम ११ खाली गुन्हा आहे खरा, पण शिक्षा काय, पहिल्यांदा दहा ते पन्नास रुपये दंड. वरचा आकडा इतक्या वर्षांत वाढलेलाच नाही. तीन वर्षांच्या आत परत सापडला तर पंचवीस ते शंभर रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. आणि त्यातली बहुतेक कलमं अदखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून अटक-तपास करू शकत नाहीत, कोर्टाची परवानगी लागते. अर्ध्या रात्री पन्नास रुपयांच्या दंडासाठी कोण कोर्टात जाणार. बुर्जी-पावची प्लेट त्याहून महाग आहे. नियम लिहिणाऱ्याने एकेक सेंटिमीटर मोजून लिहिला आणि दंड लावणाऱ्याने इतक्या वर्षांत आकडा वाढवला नाही, याला काय म्हणायचं.

राधानगरीच्या पुढे थांबून पाणी दिलं, बॅटरी मारून सगळे क्रेट बघितले. घाटात गार वारा सुटला म्हणून पुढच्या बाजूची ताडपत्री खाली ओढली, बाजू उघड्याच ठेवल्या. दाजीपूरच्या जवळ गवे रस्त्यावर, त्यांना कसलाच नियम नाही, त्यांनी जायचं तेव्हाच गेले.

पहाटे कुडाळला पोचलो. मेलेली एकही नाही. एक कोंबडा पाय उचलून धरत होता, तो चार दिवसांत बरा झाला. लगेच दाणा न घालता आधी गुळाचं पाणी दिलं, तासाभराने खाद्य. तीन आठवड्यांच्या आत पहिली अंडी दिसायला लागली. गाडीभाड्यात जे जास्त गेलं ते मागच्या वेळी जेवढ्या मेल्या होत्या त्यांच्या किमतीत जवळजवळ भरून निघालं, हे मी घरच्यांना कागदावर मांडून दाखवलं तेव्हा हसणं बंद झालं.

आता एक दोन जण विचारायला लागलेत की एक दिवसाची पिल्लं आणायची तर हाच रॅक चालेल का. पिल्लांचं सगळं उलटं आहे. त्यांना वाटेत दाणा-पाणी द्यायचंच नाही असा नियम आहे, कारण पोटात अंड्यातला बलक शिल्लक असतो त्यावर ती तग धरतात, पण म्हणूनच हॅचरीतून निघाल्यावर हिवाळ्यात ७२ तास आणि उन्हाळ्यात ४८ तास, त्याच्या आत ब्रूडरखाली, म्हणजे उबेला, गेली पाहिजेत. खोकं आडवं-तिरकं करायचं नाही, पिल्लू पाठीवर पडलं की त्याला उठता येत नाही, आणि खोक्याच्या तळाला जाळी चालत नाही. रेल्वेने बारा तासांच्या वर आणणार असाल तर सोबत माणूस लागतो. रॅक न्यायचा असेल तर न्या, फक्त धुऊन, चुना मारून परत आणा.