विस्तव जात नाही

दुपारी चहाची तलफ आली आणि नेमका गॅसचा लायटर बसला. दहादा टकटक केलं, ठिणगीच नाही. आमच्या घरात काडीपेटी लागते ती नाताळच्या मेणबत्त्यांना आणि लाइट गेल्यावर, त्यामुळे ती कुठे ठेवलीय हे कधीच कुणाला ठाऊक नसतं. शेवटी खणात, आजीच्या जुन्या बायबलाशेजारी सापडली. काड्या सादळलेल्या. पहिल्या तिन्हींचं गूल सोलून आलं. चौथी काढली आणि आजीचा आवाज कानात आला, "काड्या करू नका गं पोरींनो."

आजी नगर जिल्ह्यातली, मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. अमेरिकन मिशनरी नगरला आले ते १८३१ साली. आजी त्यानंतर शंभर वर्षांनी जन्मली, पण तिच्या बोलण्यात मिशन कमी आणि नेवाशाचा बाजार जास्त. बायबलातल्या नीतिसूत्रांत एक वचन आहे, सरपण संपलं की आग विझते आणि कानाशी लागणारा नसला की भांडण मिटतं. आजी ते वाचून चष्मा काढायची आणि पुढे स्वतःचं जोडायची, "म्हंजी काडी लावणारी." कुणाकडे बघून म्हणायची ते आम्हां सगळ्यांना माहीत असायचं. काडी लावणं हा वाक्प्रचार मराठीत बायबलातूनच आला, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

संडेस्कूलमध्ये मात्र आग म्हणजे शिक्षा. बाई म्हणायच्या, मेणबत्तीवर बोट धरून बघ, नरकात तसं कायमचं. मी घरी येऊन खरंच धरून बघितलं होतं. दोन आकड्यांपर्यंतही टिकले नाही.

नरकासाठी मूळ शब्द गेहेन्ना, म्हणजे यरुशलेमच्या दक्षिणेची हिन्नोमची दरी. तिथे शहराचा कचरा रात्रंदिवस जळत असे, त्यावरून ही उपमा आली, असं प्रवचनात हमखास सांगतात. मला ती कचऱ्याची गोष्ट फार आवडायची. पण तिचा जुन्यात जुना लेखी दाखला सापडतो तो १२००च्या सुमारास, दावीद किम्ही या यहुदी पंडिताच्या टीकेत, आणि खोदकामात तसल्या कचराडेपोचा पुरावा मिळालेला नाही. बायबलातला संदेष्टा यिर्मया त्या दरीबद्दल जे सांगतो ते कचऱ्याहून भयंकर आहे. तिथे लोक आपली पोटची मुलं आगीत देत. म्हणजे तिथली आग आधी माणसांनीच पेटवलेली होती.

हे मोठेपणी वाचताना यशया या दुसऱ्या संदेष्ट्यापाशी अडखळले. नवव्या अध्यायात तो म्हणतो, दुष्टपणा अग्नीसारखा जळतो. आधी काटेकुटे खातो, मग रानातल्या दाट झाडीला लागतो आणि धुराचे लोट वर चढतात. इथे दुष्टाला आगीत टाकलेलं नाही. दुष्टपणाच आग आहे, आणि तिला कुणी बाहेरून पेटवायलाही नको. मला हे नरकापेक्षा जास्त पटतं. नरक कुणी पाहिलाय? काट्याकुट्यांपासून रानापर्यंतचा प्रवास मात्र आमच्या भावकीत दर दिवाळी-नाताळाला बघायला मिळतो.

नव्या करारात पत्र लिहिणारा याकोब तर सरळ जिभेवरच येतो. एवढीशी ठिणगी केवढं रान पेटवते, जीभ ही आग आहे. गेहेन्ना हा शब्द नव्या करारात १२ वेळा येतो. ११ वेळा येशूच्या तोंडी, आणि उरलेला एकदा याकोबाच्या ह्याच वाक्यात, जिभेला पेटवणारी जागा म्हणून. खून नाही, चोरी नाही, जीभ! आजीला हा आकडा सांगितला असता तर तिने आमच्या गल्लीतल्या दोन-तीन बायकांची नावं लगेच घेतली असती. स्वतःचं सोडून.

पण माझा खरा आवडता संदेष्टा होशेय. तो लोकांच्या मनाला भट्टी म्हणतो. भटारी पीठ मळून फुगायला ठेवतो आणि जाळाला हात लावत नाही. रात्रभर राग निजल्यासारखा असतो आणि सकाळी भडकून उठतो. त्या काळचं राज्यही तसंच धुमसत होतं. इस्राएलच्या शेवटच्या सहा राजांपैकी चार खुनात गेले. हे वाचताना भटारी काही माझ्या डोळ्यांसमोर येत नाही, आजीची चूल येते.

रात्री जेवणं उरकली की आजी लाकडं मागे ओढायची, लाल आर एका बाजूला गोळा करायची आणि वर राख पसरायची. हाताने थोपटायची, अगदी बाळ निजवल्यासारखं. सकाळी उठून पाहावं तर चूल गार, करडी, मेलेली. मग ती चिमट्याने राख बाजूला सारायची. आत मिटल्या डोळ्यासारखा एक निखारा असायचा. त्यावर गोवरीचा तुकडा आणि फुंकणीच्या दोन फुंका. तिसऱ्या फुंकरीला जाळ. होशेयाने ज्याला पाप म्हटलं, त्यावर आमचा चहा व्हायचा. गॅसच्या निळ्या ज्योतीला मी अजून मनातून आग मानत नाही, त्याचं कारण हेच असावं. तिला ना धूर ना राख, आणि ती रात्रभर जपून ठेवता येत नाही.

ज्या घरचा विस्तव विझला ती बाई गोवरी घेऊन दारात यायची. विस्तव न्यायची आणि बातमी ठेवून जायची. म्हणून मराठीत भांडणाला आग म्हणतात तसं त्याच्या उलटही म्हणतात, त्यांच्यात विस्तवही जात नाही. यशयाला हे कळलं असतं का कोण जाणे. आपल्याकडे वैराची शेवटची पायरी म्हणजे आग न देणं. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव दोनदाच येतो. एकदा येशूचा शिष्य पेत्र त्यावर शेकत उभा असतो आणि तू त्याच्या शिष्यांपैकी ना, असं विचारल्यावर "मी नव्हे" म्हणतो तेव्हा. दुसऱ्यांदा समुद्रकाठी, त्यावर मासळी भाजत ठेवलेली असते आणि येशू म्हणतो, या, न्याहारी करा.

आजीचा आणि तिच्या थोरल्या जावेचा विस्तव जात नव्हता. मधे फक्त एक भिंत. कारण करंज्या. एका नाताळात कुणीतरी येऊन सांगितलं की मोठी आजी तुमच्या करंज्यांना पोकळ म्हणाली. मोठी आजी म्हणाली होती की नाही, हे शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही. सहा वर्षं. चर्चमध्ये एका बाकावर, उपासना-संगीत या गीतांच्या एकाच पुस्तकात बघून गायच्या, पण पान उलटायचं ते मधे बसलेल्या माझ्या आईने.

मोठे आजोबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. दफन झालं. दोन दिवस पिठलं-भाकरी आमच्याकडून गेली, तीही आईच्या हातून. तिसऱ्या दिवशी अंधारातच आजीने राख सारली, खापरावर चार निखारे घेतले आणि बाहेर पडली. मी मागोमाग, थंडीत, फ्रॉकवर. खापरातून ठिणगी उडून तिच्या पदराला बारीक भोक पडलं, तिने पाहिलंही नाही.

मोठी आजी चुलीपुढे नुसती बसली होती. वरच्या कोनाड्यात काडीपेटी होती, मी स्वतः पाहिली.

"विस्तव आणलाय," आजी म्हणाली.

"ठेव."

एवढंच बोलणं झालं. आजीने निखारे चुलीत ओतले, खाली बसली आणि फुंकणी न घेता तोंडानेच फुंकत राहिली. धुराने दोघींचे डोळे वाहत होते. मग चहा झाला, गुळाचा, बिनदुधाचा. मला बशीतून मिळाला.

पंधरा दिवसांनी नळावरून दोघींचं पुन्हा वाजलं, आणि ह्या वेळी मोठी आजी काय म्हणाली ते मी स्वतः ऐकलं होतं. आजीने खोदखोदून विचारलं. मी सांगितलंही.

चौथी काडी पेटली.