उद्या मासे काढायचेत

पहिल्या वर्षी व्यापाऱ्यानं माझ्या क्रेटमधला एक कटला मासा उचलला, पोटावर अंगठा दाबला आणि म्हणाला, “दादा, हा संध्याकाळपर्यंत फुटंल.” भाव तिथंच पडला. मला वाटलं, भाव पाडायची युक्ती. भांडलो. पण दुपारपर्यंत क्रेटजवळ उभं राहवेना.

चूक माझीच. मासे काढायच्या दिवशी सकाळीही मी शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा टाकला होता. म्हटलं, जाता जाता तेवढंच वजन वाढेल. भरल्या पोटाचा मासा आधी आतून सडतो, हे पुढं तीन दिवसांच्या प्रशिक्षणात कळलं. त्यातले दोन दिवस योजनांचे अर्ज आणि चहा यातच गेले. कामाची ठरली ती तळ्यावरची एक दुपार. शिकवणाऱ्या सरांनी बाही वर करून हात पाण्यात घातला. कोपर बुडायच्या आत तळवा दिसेनासा झाला तर पाणी फार हिरवं, खत-खाद्य थांबवा. यंत्र नाही, खर्च नाही.

माझं तळं ३० बाय ३० मीटर, त्यात मी ३,००० बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, सोडली होती. ऐकून सर हसलेच. चौरस मीटरला एक, म्हणजे ९०० च्या आसपास पुरे. ढगाळ दिवसांत पहाटे मासे तोंडं वर काढून का तडफडायचे, ते तेव्हा समजलं. रात्रभरात पाण्यातला प्राणवायू संपायचा.

पुढचं फोनवर शिकलो. गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनावर काम करणाऱ्या भुवनेश्वरच्या ‘सीफा’ संस्थेचं ‘मत्स्यसेतू’ ॲप आहे, २०२१ मध्ये आलेलं. त्यातले व्हिडिओ बायकोनं माझ्याआधी संपवले. खाद्याची वही आता तिच्याकडे, आणि ती एक घमेलंही जास्त टाकू देत नाही.

आता आदल्या दिवशी खाद्य बंद, जाळं पहाटे. मासे धुऊन लगेच बर्फात. जेवढा मासा तेवढा बर्फ, थरावर थर. किलोवरचा कटला वेगळा, रोहू-मृगळ वेगळे. एकाच क्रेटमध्ये सगळे भरले की सगळ्यांना सगळ्यात लहान माशाचा भाव मिळतो. बर्फ मात्र आदल्या रात्रीच आणून भुशात दाबून ठेवावा लागतो, पहाटे कारखाना उघडत नाही.

तोच व्यापारी आज फोनवर विचारत होता, “उपाशी हायेत ना?”

आहेत. संध्याकाळी नेहमीच्या वेळेला सगळे काठाशी येऊन थांबले. बायको म्हणाली, बघवत नाही, आणि वही घेऊन घरात गेली.