पाठांतराच्या आधीची कविता

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आठवणी भरपूर येतील. मी मात्र या शाळेत शिकलेली कविता म्हणण्याची रीत लिहून ठेवतो आहे. दरवर्षी २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिनाच्या स्पर्धा होतात. त्यांत उतरणाऱ्या मुलांना आणि त्यांची तयारी करून घेणाऱ्या बाई-सरांना ती उपयोगी पडावी.

पहिलं काम म्हणजे नियमांचा कागद नीट वाचणं. काव्यगायन, काव्यवाचन आणि पाठांतर या तीन वेगळ्या स्पर्धा आहेत. चाल लावलेली चालते का, कागद हातात धरता येतो का, स्वरचित कविता हवी की प्रसिद्ध कवीची, आणि वेळ किती, एवढं कळल्याशिवाय कविता शोधायला बसू नये.

वेळेचा हिशोब सोपा आहे. लघु म्हणजे ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, गुरू म्हणजे दीर्घ अक्षराच्या दोन. सोळा मात्रांची ओळ सावकाश म्हटली तर साधारण चार सेकंद घेते, मागचा थांबा धरून पाच. तीन मिनिटांत छत्तीस ओळी बसतात, पण तेवढ्या घेऊ नयेत. कवितेचं आणि कवीचं नाव सांगण्यात, कडव्यांमधल्या थांब्यांत आणि सुरुवातीच्या श्वासात अर्धं मिनिट जातं. चोवीस ते अठ्ठावीस ओळी पुरे. मोठी कविता घाईघाईने कोंबली की घंटा होते ती नेमकी शेवटच्या कडव्यात. कविता कापायचीच असेल तर पूर्ण कडवं गाळावं, मधल्या ओळी उपटू नयेत. गझलेचा प्रत्येक शेर स्वतंत्र असतो, त्यामुळे सातांतले पाच शेर घेता येतात. मतला, म्हणजे पहिला शेर, मात्र ठेवावाच लागतो, नाहीतर काफिया-रदीफ, म्हणजे यमक आणि त्यामागे पुन्हा पुन्हा येणारे शब्द, ऐकणाऱ्याच्या कानात बसत नाही.

निवडताना मुलं मोठा आवाज लागणारी कविता मागतात. मला वाटतं, निवड आवाजावरून करू नये, श्वासावरून करावी. मुलाला ती ओळ एका श्वासात, शेवटचा शब्द न गिळता म्हणता येते का, ते पाहावं. पाचवीतल्या मुलाला सव्वीस मात्रांची ओळ जड जाते, सोळांची पेलते. दुसरी कसोटी अर्थाची. मुलाने कविता गद्यात, स्वतःच्या शब्दांत सांगितली पाहिजे. कवी ग्रेस आपल्या नागपूरचे, त्यांच्या ओळींचा नाद कुणालाही भुरळ घालतो. पण अर्थाशी झटायची तयारी असलेल्या नववी-दहावीच्या मुलानेच त्या घ्याव्यात. लहान गटाला नाद तेवढा उरतो आणि परीक्षकाला ते पहिल्या चार ओळींतच कळतं. कवी अनिलांची दशपदी हा फार थोड्या मुलांनी हाताळलेला प्रकार आहे. दहाच ओळी असल्यामुळे वेळेची चिंता नाही आणि प्रत्येक ओळीला न्याय देता येतो.

कविता फोनवर आलेल्या मजकुरावरून उतरवू नये. त्यात ओळी गळतात, शब्द बदलतात, भलत्याच कवीचं नाव लागतं. सीताबर्डीवर विदर्भ साहित्य संघाचं ग्रंथालय आहे. तिथे जाऊन मूळ संग्रह पाहावा आणि कविता हाताने उतरवून घ्यावी. जुन्या छपाईत ‘करूं’, ‘कोठें’ असे अनुस्वार दिसतील. ते अनुच्चारित आहेत. १९६२च्या लेखननियमांत गेले. त्यांचा नाकातून उच्चार करायचा नाही.

आता मात्रा. हे काम सगळ्यात जास्त टाळलं जातं आणि तेच सगळ्यात जास्त फळ देतं. केशवसुतांची १८९३ची ‘तुतारी’ घ्या: ‘एक तुतारी द्या मज आणुनि, फुंकिन मी जी स्वप्राणाने’. या दोन ओळी झाल्या, प्रत्येकीत आठ-आठ मात्रांचे दोन तुकडे आहेत. ‘एक तुतारी’ आठ, ‘द्या मज आणुनि’ आठ. इथे ‘आणून’ म्हटलं की ‘णू’ दीर्घ होतो आणि शेवटचा ‘न’ हलका होऊन बुडतो. ओळीचा तोल बिघडतो. ‘स्वप्राणाने’मध्ये ‘स्व’ एकटा लघु, पण पुढे जोडाक्षर आल्यामुळे गुरू होतो. त्याच्यावर आघात दिला, जवळजवळ ‘स्वप्-प्राणाने’ असं म्हटलं, की आठ मात्रा भरतात. मुलं तो ‘स्व’ हलकाच सोडतात, एक मात्रा कमी पडते आणि ती भरून काढायला शेवटचा ‘ने’ ओढतात. परीक्षक त्याला हेल म्हणतात. हेलाचं मूळ बहुधा असं एखाद्या गळालेल्या मात्रेत असतं. तेव्हा टाळी वाजवत, आठावर थांबत, अभिनय अजिबात न करता कविता चार-पाच दिवस नुसती म्हणावी.

बालकवींची ‘औदुंबर’ आठच ओळींची आहे, मिनिटभरात होते, आणि नागपूरच्या मुलांसाठी तिच्याइतकी चांगली तालीम दुसरी नाही. त्या आठ ओळींत ‘ळ’ नऊ वेळा येतो: हिरवाळी, निळासावळा, शेतमळ्यांची, काळ्या, झाकळुनी, जळ, काळिमा, जळात. आपल्याकडे कुणाच्या घरी वऱ्हाडी असते, तिथे ‘ळ’चा ‘य’ होतो. पूर्व विदर्भातल्या झाडीकडच्या घरात ‘र’ होतो. हिंदीत वाढलेल्या मुलाचा ‘ल’ होतो. घरची बोली चुकीची नाही, ती पुसायची नाही. पण ही कविता ज्या भाषेत आहे तिचा ‘ळ’ लागतो. जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायचं आणि सोडायचं. रोज पन्नास वेळा ‘जळ-काळिमा’ म्हटलं की पंधरा दिवसांत जीभ वळते. ‘च’चंही तसंच. ‘चार घरांचे’मधला ‘च’ तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लावून म्हणायचा, ‘चालली’मधला दंततालव्य, म्हणजे जीभ दातांमागे लावून. हिंदीच्या सवयीने दोन्ही सारखे होतात. ‘ज्ञ’चा ‘ग्य’ होतो तोही तिथूनच. घरी-दारी हिंदी बोलणाऱ्या मुलाचे हे तीन उच्चार आधी तपासावेत.

याच कवितेत भावाची मोठी चूक होते. हिरवळ, झरा, चिमुकलं गाव आलं म्हणून मुलं शेवटपर्यंत हसऱ्या आवाजात म्हणत जातात. पण सहाव्या ओळीत पायवाट काळ्या डोहाकडे जाते, सातवीत पाण्यावर काळिमा पसरतो. तिथून आवाज खाली उतरला पाहिजे, गती कमी झाली पाहिजे. शेवटच्या ओळीचे तुकडे आठ, आठ आणि दहा मात्रांचे: ‘पाय टाकुनी / जळात बसला / असला औदुंबर’. यमकाच्या ओढीने ‘बसला असला’ एका दमात जातं आणि झाड हरवतं. ‘बसला’नंतर पाव श्वास थांबा, मग ‘असला औदुंबर’. तिथे हात हलवायची गरज नाही.

हातवाऱ्यांबद्दल माझं मत ठाम आहे. चंद्र म्हटलं की वर बोट, हृदय म्हटलं की छातीवर हात, हे शिकवू नये. अख्ख्या कवितेत दोन हालचाली पुरतात, त्याही आपोआप आल्या तर.

पाठांतर शेवटच्या कडव्यापासून करावं. नेहमी पहिल्या ओळीपासून सुरू केलं की सुरुवात पक्की आणि शेपूट कच्ची राहते. ध्रुवपद असलेल्या कवितेत मुलं ध्रुवपदानंतर भलत्याच कडव्यात शिरतात, म्हणून प्रत्येक कडव्याचा पहिला शब्द ओळीने वेगळा पाठ करावा. कुणीतरी मधलीच ओळ द्यावी आणि तिथून पुढे म्हणायला लावावं.

मंचावर माइक वीतभर दूर, किंचित बाजूला. अगदी समोर धरला तर ‘प’ आणि ‘भ’ फटफटतात. फेब्रुवारीअखेर आपल्याकडे सभागृहात पंखे सुरू झालेले असतात, त्या आवाजात ओळीचा शेवटचा शब्द आधी बुडतो. तालीम पंखा लावूनच करावी. विसरलंच तर मागे वळून ‘सॉरी’ म्हणू नये. शांत उभं राहून आधीची ओळ पुन्हा म्हणावी, पुढची बहुतेक येते. आणि शेवटची ओळ संपल्याबरोबर ‘धन्यवाद’ चिकटवू नये. दोन श्वास तसंच उभं राहावं, मग नमस्कार करून उतरावं.