पदक 117 मराठ्यांचे, पत्र वेढ्याबाहेरचे

मोडी कागद वाचून त्यांचे बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, लिप्यंतर करून देणे हे माझे काम आहे. साताऱ्यात माझ्याकडे येणारे कागद बहुतेक जमिनीचे असतात, म्हणजे खरेदीखते, गहाणखते, वाटणीपत्रे आणि क्वचित एखाद्या इनामाच्या तंट्याचे दप्तर. 2023 च्या अखेरीस कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा घरोघरच्या माळ्यांवरचे कागद बांधलेले रुमाल खाली उतरले आणि लोक पिशव्या भरून कागद आणू लागले. कोरेगाव तालुक्यातील एक वयोवृद्ध गृहस्थ आपल्या पुतण्याबरोबर आले ते याच गर्दीत. गावात सगळे त्यांना आबा म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणू लागले. स्वतः मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेल्या आबांनी पत्र्याच्या एका पेटीतले सगळे कागद माझ्यापुढे ठेवले. त्यांना हवी असलेली नोंद गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, सापडली आणि ते काम तेथेच मिटले. त्या कागदांच्या तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली काही पत्रे आणि दोन पदके होती, आणि तो दिवस खऱ्या अर्थाने त्यांचा झाला.

आबांच्या आजोबांविषयी घरात एकच हकिकत चालत आली होती. ते पहिल्या महायुद्धात 117 मराठा पलटणीत होते, कुतच्या वेढ्यात सापडले आणि तुर्कांच्या कैदेत उपासमारीने गेले, असे सगळे सांगत. गावच्या कमानीजवळ त्यांच्या नावाचा फलक बसवायचे ठरले होते आणि ‘कुत-अल-अमाराच्या वेढ्यात वीरमरण’ हा मजकूर पुतण्याने कागदावर तयारच ठेवला होता. सातारा जिल्ह्यात अशा फलकांना मोठा मान आहे, आणि तो रास्तही आहे. शहराजवळच्या अपशिंगे मिलिटरी या एकाच गावातील 46 जवान त्या युद्धात कामी आले, ही गोष्ट इकडच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते.

ही हकिकत प्रथमदर्शनी पटण्यासारखी होती. इंग्रज सरकारने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पाठवलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर 1915 मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे ही फौज अडली, मागे फिरली आणि जनरल टाउनशेंड तिला घेऊन तैग्रिस नदीच्या वळणातल्या कुत या गावात ठाण मांडून बसले. 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत, म्हणजे सुमारे पाच महिने तो वेढा चालला. शेवटी अन्न संपले, घोडे मारून खायची वेळ आली आणि सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या हाती पडली. त्यांतील कित्येक जण पुढच्या पायपिटीत आणि कैदेत मेले. पदकाच्या कडेवर कोरलेला आजोबांचा शिपाई क्रमांक आणि ‘117 मराठा’ ही अक्षरे मी भिंगातून वाचली. घरच्या हकिकतीचा आधार एवढाच होता. पलटण कुतात होती, आजोबा पलटणीत होते, तेव्हा आजोबाही कुतात होते, असा तो सरळ हिशेब.

मला पहिली शंका पदकांवरूनच आली. 1915 संपण्यापूर्वी युद्धभूमीवर पोहोचलेल्या शिपायाला या दोन पदकांखेरीज 1914-15 चा काशाचा तारा मिळत असे, आणि कुतात कोंडलेला प्रत्येक माणूस 1915 मध्येच तेथे होता. पेटीत तारा नव्हता. अर्थात शंभर वर्षांत एखादे पदक हरवते, मोडीत जाते, लेकीबरोबर सासरीही जाते, त्यामुळे एवढ्यावरून काहीच ठरत नाही. मी आबांना काही न बोलता पत्रे उलगडली.

पहिले पत्र मुंबईहून वडील बंधूंना लिहिलेले होते. शाईचे, सुबक अक्षराचे, बोट सुटण्यापूर्वीचे. त्यावर मार्गशीर्ष वद्यातली तिथी होती. शक मात्र नव्हता. त्यामुळे ते 1914 चे की 1915 चे, हे त्या पत्रावरून सांगता येईना. 117 पलटण 1914 मध्येच मेसोपोटेमियात गेलेली असल्याने घरच्या हकिकतीला अजून जागा होती.

दुसरे होते एक कार्ड, कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेले. या पेन्सिलीचे अक्षर कोरडे असताना करडे दिसते आणि ओल लागली की जांभळे होऊन पसरते. कार्डाच्या एका कोपऱ्यावर कधीतरी पाणी पडले होते आणि तिथल्या चार ओळी फुटून एकमेकींत मिसळल्या होत्या. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात आणि शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे ओळ फुटली की शब्द कुठे संपला हे ठरवायला वेळ लागतो. त्या चार ओळींवर माझी सगळी दुपार गेली. उरलेला मजकूर मात्र स्पष्ट होता आणि त्याखालची तिथी माघ वद्यातली, शके 1837 ची होती. इंग्रजी कालगणनेने तो फेब्रुवारी 1916 चा उत्तरार्ध होतो. पाठीमागे फील्ड पोस्ट ऑफिसचा फेब्रुवारीतलाच शिक्का होता आणि कोरेगावच्या टपाल कचेरीचा पोहोचल्याचा शिक्का मार्चमधला होता.

हे तिन्ही दिवस एकमेकांशी जुळल्यावर शंकेला जागा उरली नाही. फेब्रुवारी 1916 मध्ये कुतच्या आतून बाहेर टपाल येत नव्हते. वेढ्यातील फौजेचा बाहेरच्या जगाशी संबंध बिनतारी यंत्रापुरता उरला होता. ज्याचे कार्ड फेब्रुवारीत निघून मार्चमध्ये कोरेगावात पोहोचले, तो माणूस वेढ्याच्या आत असणे शक्यच नव्हते. शिवाय बोटीतून उतरल्यापासून हे पहिलेच पत्र लिहितो आहे, असे त्यात म्हटले होते. त्यामुळे मुंबईच्या पत्राचा शकही ठरला आणि तारा का नाही याचाही उलगडा झाला. आजोबा डिसेंबर 1915 च्या अखेरीस किंवा त्यानंतर लगेच निघाले, तेव्हा त्यांची पलटण आधीच कोंडली गेली होती.

मग ते होते कुठे? वेढ्यातल्या पलटणींसाठी मागाहून पाठवलेल्या शिपायांना कुतपर्यंत पोहोचण्याचा मार्ग राहिला नाही, तेव्हा त्यांच्या तात्पुरत्या मिश्र पलटणी उभारून त्यांना वेढा फोडायला निघालेल्या फौजेत घालण्यात आले. मराठा शिपायांचीही अशी एक पलटण होती. जानेवारी ते एप्रिल 1916 या काळात या फौजेने शेख साद, वादी, हन्ना, दुजैला आणि सन्नैयात येथे एकामागून एक हल्ले केले, सुमारे तेवीस हजार माणसे मारली गेली वा जखमी झाली, आणि तरीही कुत सुटले नाही. वाचवायला गेलेल्यांचे नुकसान आत कोंडलेल्यांच्या संख्येहून कितीतरी अधिक झाले, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी सांगितली जाते आणि मला ती नेहमी अन्यायाची वाटत आली आहे.

कार्डात लढाईचा शब्दही नाही, कारण ठिकाण आणि लढाई लिहायला मनाई होती आणि कार्ड अधिकाऱ्याच्या नजरेखालून जाई. आजोबांनी लिहिले आहे ते पावसाचे. पाऊस फार झाला, गुडघाभर चिखल आहे, थंडी अशी की हात चालत नाहीत, आणि एवढी सपाट काळी माती असून कुणी पेरलेली दिसत नाही, असे त्यांनी कळवले आहे. हन्नाच्या लढाईच्या सुमारास त्या भागात थंडी-पावसाने कहर केला होता आणि जखमी माणसे रात्रभर चिखलात पडून राहिली होती, हे इतिहासात नोंदलेले आहे. शेतकरी शिपायाने तोच चिखल पेरणीच्या नजरेने पाहिला. त्याच कार्डात मुलाचे जावळ काढले की नाही आणि कुठल्या देवाला काढले, अशी विचारणा आहे. तो मुलगा म्हणजे आबांचे वडील. हे वाचल्यावर आबांनी चष्मा काढून ठेवला आणि तेवढेच वाक्य मला पुन्हा वाचायला लावले.

जूनमधले, ज्येष्ठ शके 1838 चे पत्र त्याच हातचे आहे, पण तो हात आजोबांचा नव्हे. शेवटी ‘हस्ते’ म्हणून दुसऱ्याच माणसाचे नाव आहे. शिपाई सांगे आणि पलटणीतला लिहिता-वाचता सोबती लिही, गावी पोहोचल्यावर ते दुसरा कोणी वाचून दाखवी. म्हणून अशा पत्रात कुटुंबातले नाजूक बोलणे येत नाही. पत्नीला उद्देशून एक अक्षरही नाही, जे आहे ते थोरल्या भावाच्या नावे. पत्रातल्या मौनाचा अर्थ लावण्यापूर्वी ते मौन सांगणाऱ्याचे, लिहिणाऱ्याचे की तपासणाऱ्याचे, हे ठरवावे लागते. जूनच्या पत्रात आजोबा लिहितात की गावातली जी मंडळी आधी पुढे गेली आहेत त्यांच्या पत्राची घरच्यांनी वाट पाहू नये, ती येथे भेटत नाहीत. कुत पडून तेव्हा महिना उलटला होता. पुढे गेलेली मंडळी कैद झाली हे अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटेल अशा बेताने त्यांनी कळवले, असे माझे मत आहे, आणि मी ते लिप्यंतराखाली माझे मत म्हणूनच नोंदवले.

फ्रान्समध्ये लढलेल्या हिंदी शिपायांची पत्रे इतिहासकारांना परिचित आहेत, कारण बुलोन येथे त्यांची तपासणी करणाऱ्या कचेरीने हजारो उतारे इंग्रजीत करून ठेवले. गोऱ्या सैनिकांना लाल मिरची आणि हिंदी सैनिकांना काळी मिरी म्हणण्याची युक्ती त्या उताऱ्यांमुळेच कळली. पण उरले ते बहुतांशी इंग्रजी भाषांतर. मूळ पत्रे घरोघर गेली. शिवाय मराठा शिपाई प्रामुख्याने मेसोपोटेमियात असल्याने त्या उताऱ्यांत आपली माणसे फारशी भेटत नाहीत. ती भेटतील तर अशा पेट्यांतच. रोजनिशी तर त्याहून दुर्मीळ. कुतात कैद झालेले बंगाली रुग्णसेवक शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांनी आपली रोजनिशी फाडून तिचे कागद बुटात लपवून राखले, म्हणून कैदेतला प्रवास आतून कळतो.

चौथे पत्र सोबत्याचे आहे, भाद्रपदातले. आजोबा अमारा येथील इस्पितळात आजाराने वारले आणि त्यांचे सामान सरकारजमा आहे, एवढाच त्याचा मजकूर. अमारा हे कुत-अल-अमाराहून वेगळे गाव; ते तेव्हा इस्पितळांचे मोठे ठाणे होते आणि 1916 च्या उन्हाळ्यात तेथे रोगराईने असंख्य माणसे गेली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत वडिलांचे नाव, गाव आणि ‘सातारा’ जुळवून पाहिले तेव्हा बसरा स्मारकाखाली त्यांची नोंद सप्टेंबर 1916 ची मिळाली.

हे सगळे सांगून झाल्यावर पुतण्या अस्वस्थ झाला. ‘‘मॅडम, गावात सगळ्यांना कुतच माहीत आहे. फलकावर कुत राहिलं तर कुणाचं काय बिघडतं?’’ असे त्याने विचारले. मी म्हणाले, ‘‘बिघडतं. कुतात खरोखर कोंडली गेलेली याच तालुक्यातली माणसं आहेत, ती जागा त्यांची आहे. आणि त्यांना सोडवायला चिखलातून गेलेला तुमचा पणजोबा फलकावरून पुसला जातो.’’ आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग पुतण्याला म्हणाले, ‘‘बाळा, मीही फौजेत होतो. वेढ्यात अडकणं हातात नसतं. सोडवायला जायचा हुकूम आला की पाय उचलावा लागतो. ताई सांगतात तसं लिही.’’

मजकूर आम्ही तेथेच बसून ठरवला: ‘117 मराठा पलटण. कुतच्या सुटकेसाठी गेलेल्या फौजेत मेसोपोटेमियात सेवा. सप्टेंबर 1916 मध्ये अमारा येथील इस्पितळात निधन.’ हन्नाचे नाव घालावे असा पुतण्याचा आग्रह होता; पत्रांतून ते सिद्ध होत नाही म्हणून मी नको म्हणाले. पत्रांची छायाचित्रे दोन्ही बाजूंनी, शिक्क्यांसह घेतली आणि मूळ पत्रे सपाट ठेवायला, फडक्याऐवजी आम्लरहित कागदात घालायला सांगून आबांच्या स्वाधीन केली. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पलटणींच्या युद्धरोजनिश्या आहेत. त्या अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या असल्याने साध्या शिपायाचे नाव त्यांत सहसा येत नाही, पण हवामान आणि मुक्काम दिवसवार असतात. मराठा मिश्र पलटणीची फेब्रुवारी 1916 ची पाने मिळावीत म्हणून मी तेथे विनंती पाठवली आहे. कार्डातला गुडघाभर चिखल कोणत्या मुक्कामाचा, एवढे त्यांवरून कळले तर फलकाच्या दुसऱ्या ओळीत ते नाव घालता येईल, आणि त्यासाठी जागा सोडायला कोरणाऱ्याला सांगून ठेवले आहे.